ओव्हनची शेवटची दहा मिनिटं

समस्त पुणेकरांना, तसंच काही अपरिहार्य कारणाने पुण्याबाहेर राहावं लागणाऱ्या सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, विद्युतशास्त्राची प्रगती गेल्या वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर थांबून राहिली होती. त्यात हवामानाचा, शासनाच्या धोरणाचा किंवा रस्त्यांवरच्या खोदकामाचा काहीही हात नव्हता. हात माझा होता. अधिक नेमकं सांगायचं तर, उजव्या हाताचा अंगठा. सर्वांनी कृपया नोंद घ्यावी.

मी त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक आहे. या पदाचा अर्थ असा की, शोध दुसरे लावतात आणि काही बिघडलं की मला बोलावतात. सव्वीस वर्षांत माझ्याकडे तिथली बरीच सत्तास्थानं आली, पण त्यांतलं सर्वोच्च म्हणजे ओव्हन. कपाटाएवढं, करड्या रंगाचं, दाराची रबरी पट्टी सैल झालेलं. त्यात कोणी काय ठेवायचं, किती अंशांवर आणि किती वेळ, ते चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात द्यायचं. ठेवणार मी, काढणार मी, रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करणार मी. दारावर मी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता : ‘हे ओव्हन आहे, खिडकी नाही. उघडून डोकावू नये.’ विद्यार्थी त्याचे फोटो काढत. डोकावत मात्र नसत.

या राज्यात त्याच्या चार वर्षं आधी एक मुलगी पीएच.डी. करायला आली. वर्ध्याकडची. पहिल्याच दिवशी तिने मला ‘काका’ म्हटलं आणि मी केसांना रंग लावणं सोडून दिलं. अतिशय नीटनेटकी, कमी बोलणारी, दिवसभर पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलणारी. घरी फोन लागला की मात्र ‘काहून’ आणि ‘मले’ असं खळखळून सुरू व्हायचं आणि फोन ठेवला की पुन्हा पुस्तक.

तिचा विषय छापील कपॅसिटर. घाबरू नका. घरातला पंखा रांगायला लागला की इलेक्ट्रिशियन वर बघून ‘कंडेन्सर गेलाय’ म्हणतो ना, त्याच जातीची वस्तू. फक्त ही कागदासारखी पातळ. प्लास्टिकच्या पारदर्शक शीटवर चांदीच्या शाईचा चौकोन छापायचा, त्यावर पॉलिमरचा थर छापायचा आणि त्यावर पुन्हा चांदीचा चौकोन. वीज खालच्या चांदीतून वरच्या चांदीत जाऊ पाहते आणि मधला थर तिला जाऊ देत नाही. या अडवाअडवीवरच सगळं अवलंबून. मधल्या थराने एकदा जरी वाट दिली तरी कपॅसिटर शॉर्ट होतो आणि त्याची किंमत लग्नपत्रिकेवरच्या नक्षीइतकी उरते.

लग्नपत्रिकेची आठवण उगाच आली नाही. छपाईची पद्धत तीच, ताणलेल्या जाळीतून शाई दाबायची. आमच्या जाळ्या नारायण पेठेतले एक पत्रिकावाले करून देत. तिचं पहिलं डिझाइन घेऊन आम्ही दोघं गेलो, तेव्हा त्यांनी ते चष्म्याच्या वरून, चष्म्यातून आणि पुन्हा वरून पाहिलं.

“नुसते चौकोनच? मजकूर कुठाय?”

“मजकूर नाही,” मी म्हणालो.

“निदान कोपऱ्यात एक गणपती तरी टाका. मोकळं वाटतंय.”

“नको,” ती गंभीरपणे म्हणाली. “चांदीचं क्षेत्रफळ वाढेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

आता मधल्या थराबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. छापल्या छापल्या तो ओला असतो. त्याला ओव्हनमध्ये ठेवावं लागतं, याला क्युअरिंग म्हणतात. मी बरीच वर्षं समजत होतो की, क्युअरिंग म्हणजे वाळवणं. तसं नाही. आधी त्यातला द्रव उडून जातो, तो भाग वाळवण्याचा. खरं काम त्यानंतर. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या तापलेल्या अवस्थेत एकमेकींना जागोजाग गाठी मारतात आणि सुट्या दोऱ्यांचं घट्ट कापड होतं. या गाठी सर्वांत शेवटी पडतात. त्या पुरत्या पडल्या नाहीत, तर थर वरून अगदी झकास दिसतो, बोटाला कोरडा लागतो, पण आतून कच्चा राहतो. मग हवेतली ओल आत शिरते, चांदी त्या ओलीतून हळूहळू सरकत पलीकडे पोचते आणि एक दिवस शॉर्ट. बरं, जास्त वेळ ठेवावं म्हटलं, तर खालचं प्लास्टिक पापडासारखं वळतं. तिने हिशेब करून वेळ काढली होती : एकशे चाळीस अंश, पंचेचाळीस मिनिटं. चिठ्ठीवर ती पंचेचाळीसखाली दोन रेघा मारायची.

पहिली चार वर्षं ती हेच काचेवर करत होती, स्वतःच्या टेबलावरच्या विजेच्या छोट्या तव्यावर. तिथे सगळं उत्तम चाललं होतं. फेब्रुवारीत काच सोडून ती प्लास्टिकच्या मोठ्या शीटवर आली आणि तव्यावर शीट मावेना, म्हणून माझ्या ओव्हनकडे आली. त्या दिवसापासून तिचे कपॅसिटर मरू लागले.

मरण्याची जागा म्हणजे एक पेटी. आत उष्णता, भरपूर ओल आणि कपॅसिटरला सतत विजेचा दाब दिलेला. त्या पेटीला आम्ही प्रेमाने ‘मुंबई’ म्हणतो. पाच दिवस मुंबईत जो टिकला, तो विश्वासार्ह. तिचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जायचे. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. नोंदणीची मुदत जुलैअखेर संपत होती आणि त्याआधी जूनमध्ये आढावा समिती बसणार होती. टिकणारे कपॅसिटर दाखवता आले, तर प्रबंध लिहायला परवानगी. नाही तर नोंदणी रद्द आणि साडेचार वर्षं पाण्यात. हे तिने मला कधी सांगितलं नाही. तिच्या टेबलासमोर तारीख लिहिलेला कागद होता, तो मी वाचला.

तिने दोष स्वतःत शोधला. शाई पाच वेळा नव्याने केली. जाळ्या बदलल्या. आमच्या मॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, एकदा म्हणाल्या की हवेतल्या तेलकट कणांनीही थरात छिद्रं पडतात. दुसऱ्या दिवसापासून तिने केसांचं तेल, क्रीम, अत्तर सगळं बंद केलं. मी तिला धीर द्यायचो. “होतं असं,” म्हणायचो. ट्रे घ्यायचो, ओव्हनमध्ये ठेवायचो, काढायचो, सही करायचो.

एप्रिलमध्ये खडकवासल्याचं पाणी खाली गेलं आणि शहरात दर गुरुवारी पाणी बंद झालं. मी सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गुरुवारी अकरा ते दोनच्या दरम्यान केव्हातरी टँकर यायचा आणि त्याची नळी आधी ए विंगच्या टाकीत टाकायची की बी विंगच्या, यावर दर आठवड्याला महायुद्ध व्हायचं. म्हणून दर गुरुवारी मी अर्धा दिवस रजा घ्यायचो आणि ओव्हनची किल्ली समारंभपूर्वक त्या मुलीच्या ओंजळीत ठेवायचो. तेवढ्या दिवसापुरतं ओव्हन ती स्वतः लावायची.

मे महिन्याच्या मध्यावर ती माझ्या टेबलाशी आली. हातात कॅलेंडर.

“काका, एक सांगू? हसणार नाही ना?”

“आधी ऐकतो. मग ठरवतो.”

“मुंबईत जगलेल्या सगळ्या शीट गुरुवारच्या आहेत.”

मी कॅलेंडर पाहिलं. मेलेल्या शीटना लाल टिंब, जगलेल्यांना हिरवं. हिरवी टिंबं एकाखाली एक, सरळ रांगेत. मी हसलो. मी एकदा हसायला लागलो की मला थांबायला वेळ लागतो.

“हसा,” ती म्हणाली. “आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात कोणी वार पाळला नाही, मुहूर्त पाहिला नाही. आणि माझे कपॅसिटर गुरुवार करतात.”

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. मॅडम सहसा हसत नाहीत. त्या समोरच्याला हसण्याजोगा करतात.

“गुरुवारी पुण्यात वेगळं काय होतं?” त्यांनी विचारलं.

“उपास,” मी म्हणालो.

“तुमचा मेंदू तर रोजच असतो उपाशी. आणखी काय?”

“पाणी नसतं,” ती मुलगी म्हणाली.

आणि तिथे एक अत्यंत देखणा सिद्धान्त जन्माला आला. गुरुवारी पाणी नाही, म्हणून छपाईच्या टेबलाशेजारचं बेसिन वापरलं जात नाही. बेसिन वापरलं जात नाही, म्हणून तिथल्या हवेत ओल कमी. ओल कमी, म्हणून ओला थर स्वच्छ राहतो, म्हणून कपॅसिटर जगतात. मॅडमनी तो फळ्यावर बाण काढून मांडला. एकही बाण वाकडा नव्हता. मलाही तो पूर्ण पटला. त्याच दुपारी मी बेसिनचा नळ सुतळीने बांधून टाकला आणि गाठीवर लाख लावली. पुढचे तीन आठवडे सगळे जण चंचुपात्रं घेऊन खालच्या मजल्यावर धुवायला जात होते आणि खालच्या मजल्यावरचे लोक आम्हाला ‘वरचे आश्रित’ म्हणत होते.

बेसिन कोरडं ठणठणीत झालं. सोमवारची शीट मेली. बुधवारची मेली. गुरुवारची जगली.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “कारण नंतर शोधू. आता फक्त गुरुवारी छापायचं.”

एका शास्त्रज्ञाने हे वाक्य उच्चारलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. दारं बंद असताना ऐकलं असलं, तरी इथे लिहायला हरकत नाही असं मी मानतो.

समितीची बैठक ठरली जूनमधल्या एका शुक्रवारी. त्याआधीच्या आठवड्यातल्या गुरुवारी ती शेवटची मोठी शीट छापणार होती, साठ चौकोनांची. ती पाच दिवस मुंबईत ठेवायची आणि आकडे घेऊन समितीसमोर उभं राहायचं, असा बेत. त्याच आठवड्यात धरणाकडे पाऊस झाला आणि पालिकेने पाणीबंदी मागे घेतली. टँकर नाही, युद्ध नाही, रजा नाही. मी सकाळी वेळेवर प्रयोगशाळेत हजर.

तिने ट्रे आणि चिठ्ठी दिली. पंचेचाळीसखाली या वेळी तीन रेघा होत्या. मी ट्रे आत ठेवला, योग्य वेळी बाहेर काढला, सही केली.

मंगळवारी सकाळपर्यंत साठच्या साठ चौकोन शॉर्ट झालेले होते.

ती रडली वगैरे नाही. मुंबईचं दार बंद करून स्टुलावर बसली आणि लाल पेनचं टोपण लावत-काढत राहिली. मी चहा आणून ठेवला.

“गुरुवार होता, काका,” ती म्हणाली. “बेसिन बंद होतं. शाई तीच होती. जाळी तीच. काय वेगळं होतं?”

“काहीच नाही,” मी म्हणालो.

“उलट मी तर निर्धास्त होते. म्हटलं, आज काका स्वतः आहेत, आज काही चुकणार नाही.”

चहा तिच्यासाठी आणला होता, पण तो मी प्यायलो.

आता अंगठ्याचं सांगायला हवं. आमच्या घरात इस्त्री शेवटचा शर्ट संपायच्या आत बंद करतात आणि रुमाल उरलेल्या धगीवर होतात. गिझर आंघोळीआधी बंद. भाताखालचा गॅस, भात होत आला की बंद. बाकीचा भात झाकणाखाली आपला आपण होतो. आईने मला हे शिकवलं नाही, कारण शिकवावं लागलंच नाही. श्वास घ्यायला कुठे शिकवतात? प्रयोगशाळेत आलो, तेव्हा ओव्हनलाही तोच न्याय लावला. चिठ्ठीवर पंचेचाळीस असेल, तर पस्तिसाव्या मिनिटाला अंगठ्याने बटण बंद. दार उघडायचं नाही. राहिलेली दहा मिनिटं आतल्या धगीवर. पंचेचाळिसाव्या मिनिटाला ट्रे बाहेर आणि रजिस्टरमध्ये ‘४५’. मी खोटं लिहितोय असं मला सव्वीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. ट्रे पंचेचाळीस मिनिटं आत होताच. धुतलेली काचपात्रं वाळली, जाड थर वाळले, कोणाची कधी तक्रार आली नाही. वीज वाचवल्याबद्दल एकदा प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुकही केलं होतं. टाळ्या झाल्या होत्या.

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी रिकामं ओव्हन एकशे चाळीसवर नेलं, आत तापमापकाची तार सोडली आणि बटण बंद केलं. सैल पट्टीच्या दारातून धग बाहेर पडताना तोंडावर जाणवत होती. आतला पंखाही बटणाबरोबरच थांबतो, हे माझ्या लक्षात त्या दिवशी आलं. पाच मिनिटांत काटा शंभराच्या आसपास, दहा मिनिटांत त्याच्याही बराच खाली. ज्या दहा मिनिटांत गाठी पडायच्या, त्या दहा मिनिटांत मी तिचा थर गार करत होतो. गुरुवार सोडून रोज.

म्हणजे गुरुवारी पुण्यात काय वेगळं होतं, तर मी नव्हतो.

मंगळवार आणि बुधवार मी कोणाला काही बोललो नाही. त्याची कारणं देता येतील, देत नाही. पुढची शीट पूर्ण पंचेचाळीस मिनिटं ठेवावी, सगळं सुरळीत होईल, कोणाला कळणारही नाही, असा एक विचार येऊन बराच वेळ बसून राहिला होता. पण शुक्रवारपर्यंत पाच दिवस उरले नव्हते. गुरुवारीही मी बोललो नाही. त्या दिवशी तर टँकरसुद्धा नव्हता.

शुक्रवारी समिती बसली. मॅडमच्या समोर, अध्यक्षस्थानी, बाहेरून आलेले परीक्षक : वयस्कर, बारीक, प्रत्येक वाक्यानंतर पेन टेबलाला समांतर ठेवणारे. मी प्रोजेक्टरपाशी उभा होतो, कारण तो सुरू करणं हेही माझंच काम. तिने सगळं दाखवलं. लाल टिंबं, हिरवी टिंबं, शेवटची साठ लाल टिंबं. काही लपवलं नाही.

“गुरुवारच का?” परीक्षकांनी विचारलं.

“कारण सापडलेलं नाही, सर.”

“साडेचार वर्षांनंतर आपण आम्हाला सांगताय की कारण वार आहे?”

“नाही, सर. मी सांगतेय की मला माहीत नाही.”

परीक्षकांनी पेन समांतर ठेवलं. मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. खोलीत तो आवाज सुरू झाला, जो कोणी ‘नाही’ म्हणण्याआधी घसा साफ करताना येतो.

“मला माहीत आहे,” मी म्हणालो.

मला मोठ्या प्रवेशांची हौस आहे; ती लपवत नाही. पण तो प्रवेश मी वाईट केला. इस्त्रीपासून सुरुवात केली, गिझरवर गेलो, मग कुठे भातावरून ओव्हनपाशी आलो. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

“दहा मिनिटं?” परीक्षकांनी विचारलं. “अंदाजे?”

“नेमकी दहा, सर.” इथे मात्र मला राग आला. “अंदाजाने काम करायची मला सवय नाही.”

“प्रत्येक वेळी?”

“सव्वीस वर्षं.”

ते तिच्याकडे वळले. “आपल्याला याची कल्पना होती?”

तिने मान हलवली. नाही.

“मॅडम, आपल्याला?”

“मला कल्पना असती,” मॅडम खिडकीबाहेरच पाहत म्हणाल्या, “तर हे गृहस्थ आज असे दोन पायांवर उभे दिसले नसते.”

परीक्षक पडद्यावरची टिंबं पहिल्यापासून पुन्हा मोजू लागले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवू लागलं. मला वाटलं, संताप. तो आनंद होता.

“म्हणजे दोन गट झाले,” ते म्हणाले. “शाई एक, जाळी एक, छापणारा हात एक. एका गटाला पूर्ण पंचेचाळीस मिनिटं, दुसऱ्याला नेमकी दहा कमी. मोजणाऱ्याला माहीत नाही कुठली शीट कुठल्या गटातली. करणाऱ्यालाही माहीत नाही आपण काय करतोय. असा निर्भेळ प्रयोग ठरवून करायला गेलं तर जमत नाही हो!” पेन आता टेबलावर तिरकं पडलं होतं आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. “थर बोटाला कोरडा लागतो, पण दहा मिनिटांनी कच्चा राहिला तर कपॅसिटर टिकत नाही. हाच आपला प्रबंध. दोन्ही गटांच्या शीट कापून तपासा, आतल्या गाठी मोजा, शीर्षक बदलून घ्या आणि जुलैअखेर सादर करा. माझी हरकत नाही.”

मॅडमनी खिडकी सोडली. कोणीतरी ‘वा’ म्हणालं. ती तशीच उभी होती, हातातला पॉइंटर चालू, त्याचा लाल ठिपका छताला लागलेला. आपलं काय झालं हे तिला अजून कळलं नव्हतं, किंवा कळत चाललं होतं.

परीक्षकांनी माझ्याकडे बोट केलं. “आणि यांचं लेखी निवेदन परिशिष्टात जोडा. शिवाय सुरुवातीला ऋणनिर्देशात यांचा उल्लेख आवर्जून करा. अर्धी आकडेवारी यांनीच निर्माण केलेली आहे.”

साडेचार वर्षांत घरचा फोन सोडला तर जिने आमच्यासमोर एक शब्दही पुस्तकाबाहेरचा उच्चारला नव्हता, ती माझ्याकडे वळली आणि सगळ्या समितीदेखत म्हणाली, “म्हंजे आता आभारबी काकायचेच मानू का मी?”